कोल्ड ब्रू कशात भिजवावी, कशात ठेवावी आणि कशात प्यावी

कोल्ड ब्रू, म्हणजे पावडर गार पाण्यात तासन्‌तास भिजवून केलेली कॉफी, करायला शिकणाऱ्याला पावडर किती, पाणी किती आणि तास किती हे तीन आकडे सगळेच सांगतात. भांडे कोणते घ्यावे, हे मात्र क्वचितच कुणी सांगते. गरम कॉफी भांड्यात जेमतेम दहा मिनिटे असते, त्यामुळे तिच्या बाबतीत हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. कोल्ड ब्रू मात्र बारा ते वीस तास एका भांड्यात भिजते, मग चार-सहा दिवस दुसऱ्या भांड्यात राहते आणि शेवटी तिसऱ्या भांड्यातून आपल्या ओठांशी येते. या तीन भांड्यांची कामे निराळी आहेत. भिजवण्याच्या भांड्याचे तोंड रुंद असावे लागते, साठवण्याच्या भांड्याचे तोंड अरुंद असलेले बरे. बहुतेक नवशिक्यांची कॉफी तिसऱ्या दिवशी बेचव होते, त्याचे कारण बहुधा एकच असते : एकाच बरणीकडून त्यांनी सगळी कामे करून घेतलेली असतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातील आपल्या मराठी घरांत चहाचे राज्य असले तरी आपण राहतो ते कॉफीच्या राज्यात. भारतातील सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात पिकते आणि चिकमगळूर, कोडगू व हासन या जिल्ह्यांतील पावडर आपल्याकडे सहज मिळते. मात्र दुकानातील तयार पावडर बहुधा फिल्टर कॉफीसाठी बारीक दळलेली आणि चिकोरी (एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळांची पूड) मिसळलेली असते. चिकोरीचे प्रमाण पाकिटावर छापलेले असते, ते वाचून चिकोरीविरहित कॉफी घ्यावी आणि शक्य असेल तेथे बिया समोर दळून घेऊन जाड रव्यासारखे दळण मागावे. बारीक पावडर भिजवली तर तिचा गाळ कितीही गाळला तरी बाटलीत उतरतो, आणि मग भांडे कितीही चांगले असले तरी त्याचा उपयोग होत नाही.

पुढे सगळीकडे एकच प्रमाण धरले आहे : १०० ग्रॅम जाडसर पावडर आणि ८०० मिलिलीटर पिण्याचे गार पाणी. चोथा आपल्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी धरून ठेवतो, म्हणून गाळल्यावर साधारण ६०० मिलिलीटर अर्क हाती येतो. हा अर्क घट्ट असतो. पिताना त्यात तेवढेच पाणी किंवा दूध घालायचे असते.

भिजवण्याचे भांडे

पावडर आणि पाणी मिळून जवळजवळ लिटरभर ऐवज होतो आणि पावडर सुरुवातीला फुगून वर येते, म्हणून सव्वा ते दीड लिटरचे भांडे घ्यावे. तोंड एवढे रुंद असावे की आपला हात आत जाऊन तळ घासता येईल. काचेची रुंद तोंडाची बरणी सर्वांत सोयीची, कारण पावडर सगळी भिजली आहे की वर कोरडा थर राहिला आहे, हे बाहेरून दिसते. घरात अशी बरणी नसेल तर झाकणाचा स्टीलचा डबा किंवा पातेले तितकेच चांगले काम करते. भिजवण्याचा अवधी एका रात्रीचा असतो आणि तेवढ्या वेळात स्वच्छ स्टीलपासून कॉफीला काही अपाय होत नाही.

तांबे आणि पितळ मात्र पूर्णपणे टाळावे. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकते, हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते आणि त्या तसे कधी ठेवू देत नसत. कॉफी जिभेला आंबट लागत नाही म्हणून तिला हा नियम लागू नसावा, अशा समजुतीने मी एकदा घरातल्या जुन्या पितळी डब्यात पावडर भिजत घातली. सकाळी झाकण काढल्यावर जो धातूचा वास आला तो कळकलेल्या ताकाचाच होता आणि सगळी कॉफी ओतून द्यावी लागली. कोल्ड ब्रूचा पीएच (हा आकडा ७ च्या जितका खाली, तितके आम्ल अधिक) साधारण ५ च्या आसपास असतो, म्हणजे ती सौम्य का होईना आम्लच असते. रात्रभराच्या अवधीत ती तांबे आणि जस्त आपल्यात उतरवून घेते. अशी कॉफी चवीला वाईट लागते एवढेच नव्हे, ती पोटालाही बाधते, म्हणून ती पाणी घालून सुधारण्याचा प्रयत्न करू नये. ॲल्युमिनियमच्या साध्या पातेल्यालाही हाच न्याय लावावा. त्याच्यावरचा नैसर्गिक थर थोडे संरक्षण देतो हे खरे, परंतु घासणीने तो रोज खरवडला जातो आणि आम्ल पदार्थ पुन्हा धातूला भिडतो.

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे थंडीच्या आणि पावसाच्या दिवसांत ओट्यावर ठेवलेली बरणी बारा ते चौदा तासांत व्यवस्थित भिजते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा ३५ अंशांच्या पुढे जातो आणि अथणीकडे तर त्याहूनही चढतो. त्या दिवसांत बरणी फ्रिजमध्येच ठेवावी आणि अठरा ते वीस तास द्यावेत. येथे एक साधी गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. बरणी विकत घेण्यापूर्वी फ्रिजच्या दोन कप्प्यांमधील उंची मोजून घ्यावी. भरलेली बरणी आडवी ठेवता येत नाही, आणि ऐन रात्री कप्पा काढून जागा करण्याच्या धांदलीत बरणी हातातून सुटते.

गाळण्याविषयी थोडक्यात सांगायचे तर आधी नेहमीच्या गाळणीतून चोथा वेगळा करावा, मग मलमलीच्या दुहेरी कापडातून अर्क हळूहळू गाळावा, आणि मिळत असेल तर शेवटी कागदी फिल्टर वापरावा. मलमल सुवासिक साबणाने धुऊ नये, साध्या पाण्यात उकळून उन्हात वाळवावी; साबणाचा वास कापडात राहतो आणि तेथून थेट कॉफीत येतो. चोथा पिळण्याचा मोह आवरावा, कारण पिळल्याने बारीक साका कापडातून पलीकडे जातो आणि बाटलीच्या तळाशी बसून दिवसेंदिवस कडवटपणा सोडत राहतो.

साठवण्याचे भांडे : आधी हवा, मग पदार्थ

काच घ्यावी की स्टील, या प्रश्नाकडे लोक लगेच वळतात. माझ्या अनुभवाने त्याहून मोठा प्रश्न भांड्यात उरलेल्या हवेचा आहे. ६०० मिलिलीटर अर्क लिटरच्या बाटलीत भरला तर वर ४०० मिलिलीटर हवा राहते आणि त्या हवेचा सुमारे एकपंचमांश भाग ऑक्सिजन असतो. कॉफीतील सुगंधी द्रव्ये आणि तेले त्याच्या संपर्काने हळूहळू बदलतात. फळासारखा किंवा चॉकलेटसारखा जो वास पहिल्या दिवशी येतो तो विरतो आणि मागे पुठ्ठ्यासारखी सपाट, किंचित खवट चव उरते. शिवाय दर वेळी झाकण उघडून थोडी कॉफी ओतून घेतली की आतली हवा बदलते आणि वाढतेही, म्हणजे शेवटच्या पेल्याला सगळ्यांत जास्त हवा लागलेली असते.

उपाय अगदी सोपा आहे. एक मोठी बाटली घेण्याऐवजी २०० मिलिलीटरच्या तीन लहान बाटल्या घ्याव्यात आणि त्या गळ्यापर्यंत भरून झाकण घट्ट लावावे. एक बाटली उघडली की ती त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी संपवावी. उरलेल्या दोन बाटल्या तोवर न उघडलेल्या राहतात. कुणाला हे खोटे वाटत असेल तर एकाच अर्कातून एक लहान बाटली काठोकाठ भरावी, दुसरी तशाच मापाची बाटली अर्धी भरावी आणि चार दिवसांनी घरातल्या कुणाला तरी डोळे मिटून दोन्हींची चव घ्यायला सांगावे. कॉफीचे काहीही ज्ञान नसलेल्या माणसालाही हा फरक सांगता येतो.

आता पदार्थाकडे वळू. साठवणीसाठी काच हीच माझी पहिली पसंती आहे. काच कॉफीशी संयोग पावत नाही, आधीच्या पदार्थाचा वास धरत नाही, ऑक्सिजन आत येऊ देत नाही आणि स्वच्छ झाली आहे की नाही ते उजेडात धरल्यावर दिसते. मध, सरबत, सॉस यांच्या रिकाम्या झालेल्या फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या यासाठी उत्तम आहेत आणि त्या बहुतेक घरांत पडून असतात. नव्या विकत घेण्याची घाई करू नये. गडद तपकिरी काच उजेड अडवते म्हणून ती घ्यावी, असे सांगितले जाते. ते बरोबर आहे, परंतु फ्रिज बंद असताना आत अंधारच असतो, त्यामुळे घरगुती वापरात पांढऱ्या काचेनेही बिघडत नाही. बाटली खिडकीशी किंवा दुकानाच्या दर्शनी फळीवर ठेवायची असेल तरच रंगाला महत्त्व येते.

काचेचा दोष तिच्या ठिसूळपणात आहे. साधी काच तापमानातील अचानक फरक सहन करत नाही, म्हणून फ्रिजमधून काढलेल्या बाटलीत उकळते पाणी ओतू नये. बाटल्या निर्जंतुक करायच्या असतील तर मुरंब्याच्या बाटल्यांसाठी करतात तसेच करावे : पातेल्याच्या तळाशी फडके अंथरून बाटल्या थंड पाण्यात ठेवाव्यात, पाण्याबरोबरच त्या तापू द्याव्यात, दहा मिनिटे उकळाव्यात आणि त्याच पाण्यात कोमट होऊ द्याव्यात.

स्टीलची बाटली पडली तरी फुटत नाही आणि उजेडाचा प्रश्नच उरत नाही. बाजारात मुख्यतः ३०४ आणि २०२ या दोन प्रतींचे स्टील मिळते. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते, त्यामुळे ते स्वस्त पडते आणि गंजाला तुलनेने लवकर बळी पडते. लोहचुंबक लावून स्टील पारखण्याची पद्धत आपल्याकडे प्रचलित आहे, पण तिने या दोन प्रतींमधला फरक कळत नाही, कारण चुंबक सहसा दोन्हींना चिकटत नाही. भांड्यावर किंवा खोक्यावर छापलेली प्रत पाहूनच घ्यावे, आणि आतला जोड गुळगुळीत आहे का, हे बोट फिरवून तपासावे. डाग आणि चिकटा नेहमी त्या जोडापाशीच साचतो. स्टीलच्या आतले दिसत नाही, हा त्याचा खरा तोटा आहे. काचेवर बसलेला तपकिरी थर आपल्याला अस्वस्थ करतो आणि आपण तो घासतो. स्टीलच्या बाटलीत तोच थर महिनाभर सुखाने राहतो.

प्लास्टिकविषयी माझे मत स्पष्ट आहे : एका दिवसाच्या प्रवासापुरते चालेल, साठवणीसाठी नको. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटल्या, ज्यांच्या तळाशी त्रिकोणात १ हा आकडा असतो, त्या पेट नावाच्या प्लास्टिकच्या असतात. त्यांतून ऑक्सिजन अत्यंत हळूहळू का होईना आत झिरपतो. साधारण ७० अंशांपाशी हे प्लास्टिक मऊ पडते, त्यामुळे त्या बाटल्या कढत पाण्याने धुता येत नाहीत, आणि आत घासणी फिरवली की बारीक ओरखडे पडून त्यांत कॉफीचे तेल अडकते. त्रिकोणात ५ हा आकडा असलेले डबे उकळत्या पाण्याला टिकतात, पण रंग आणि वास तेही धरतात. ज्या डब्यात एकदा लसणाची चटणी ठेवली त्यात पुन्हा साखर ठेवत नाहीत, एवढे लक्षात घेतले तरी पुरे.

चिनी मातीच्या बरणीवरचा काचेसारखा लेप शाबूत असेल तर ती चांगलीच आहे. जुन्या बरण्यांच्या लेपाला मात्र केसासारख्या बारीक भेगा पडलेल्या असतात आणि वर्षानुवर्षांचे तेल-तिखट त्यांत मुरलेले असते. तशी बरणी लोणच्यासाठीच राहू द्यावी. खानापूरची मातीची भांडी प्रसिद्ध आहेत आणि माठातल्या पाण्याची चव आपल्याला प्रिय आहे, त्यामुळे कॉफीही माठात ठेवावी असे अनेकांच्या मनात येते. माठ गार करतो तो पाझरून. पाणी बाहेर येते आणि वाऱ्याने उडून जाताना उष्णता घेऊन जाते. जी माती पाणी पाझरू देते ती कॉफीचे तेलही शोषून घेते, आणि साबणाने तर ती धुता येत नाही. आठवड्याभरात तिला खवट वास लागतो आणि तो पुन्हा निघत नाही. शिवाय हवा दमट असली की पाणी उडत नाही, म्हणून खानापूरच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात माठ जवळजवळ गार करतच नाही. अथणीच्या कोरड्या उन्हाळ्यात तो पाणी छान गार करतो, पण फ्रिजएवढा गारवा त्याला कधीच साधत नाही.

झाकण

माझ्या एका बाटलीतली कॉफी दर वेळी दुसऱ्या दिवशी मेथी आणि हिंगासारखी लागायची. बाटली काचेची होती, ती मी दोनदा उकळली, सोड्याने घासली, उन्हात ठेवली, तरी फरक पडला नाही. शेवटी झाकण नाकाशी धरले तेव्हा उलगडा झाला. बाटली लोणच्याची होती आणि झाकणाच्या आतल्या मऊ चकतीत लोणच्याचा वास मुरलेला होता. काच वास धरत नाही, पण तिच्यावर बसणारे रबर, प्लास्टिक किंवा पुठ्ठ्याची चकती तो धरते, आणि बाटली गळ्यापर्यंत भरलेली असेल तर कॉफी त्या चकतीला सतत भिडलेली असते. म्हणून जुनी बाटली वापरताना झाकण नवीन घ्यावे. त्याच मापाची फिरकीची झाकणे पॅकिंगचे सामान विकणाऱ्या दुकानांत सुटी मिळतात. नमुन्यादाखल बाटली बरोबर न्यावी, कारण फिरकीचे आटे डोळ्यांनी सारखे दिसले तरी मापात फरक असतो.

तारेच्या कडीने आवळायच्या बरणीला सिलिकॉनचा किंवा रबराचा वायसर असतो. तो दर धुण्याच्या वेळी काढून वेगळा धुवावा आणि कोरडा करूनच परत बसवावा. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतली ओल इतकी असते की वायसरच्या खाचेत दोन दिवसांत काळी बुरशी धरते, आणि बाहेरून बरणी लखलखीत दिसत असते. पत्र्याच्या झाकणाचा आतला लेप खरवडला गेला असेल आणि गंजाचा ठिपका दिसत असेल तर ते झाकण टाकून द्यावे. लाकडी किंवा बुचाच्या गट्ट्याची बाटली शोभेला छान असली तरी ओले बूच लवकर वास धरते, म्हणून ती टाळलेली बरी.

फ्रिजमधील जागा आणि सुरक्षितता

हा भाग चवीचा नाही, प्रकृतीचा आहे, म्हणून तो नीट वाचावा. बाटली काठोकाठ भरून हवा बाहेर ठेवा, असे वर सांगितले आहे. चवीच्या दृष्टीने ते योग्य आहे, परंतु हवा नसलेल्या, कमी आम्लाच्या आणि उबदार जागी वाढणारा क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू अत्यंत घातक विष तयार करतो, आणि पीएच ४.६ च्या वर असलेले पदार्थ त्याला मानवतात. कोल्ड ब्रू उकळलेली नसते आणि तिचा पीएच या मर्यादेच्या वर असतो. २०१७ साली अमेरिकेतील एका उत्पादकाने नायट्रोजन भरलेल्या कोल्ड ब्रूचे डबे याच शक्यतेमुळे बाजारातून परत मागवले होते. म्हणून हवाबंद भरलेली बाटली कधीही फडताळात किंवा ओट्यावर ठेवू नये. गाळून झाल्याबरोबर ती फ्रिजमध्ये जावी आणि फ्रिजचे तापमान ४ ते ५ अंशांच्या वर नसावे. घरगुती कोल्ड ब्रू सीलबंद करून विकण्याचा किंवा टपालाने पाठवण्याचा विचार असेल तर तो योग्य तपासणी आणि परवान्याशिवाय मनातूनही काढून टाकावा.

बाटल्या फ्रिजच्या दारात ठेवण्याची आपल्याला सवय असते, पण दार उघडले की सर्वांत आधी तीच जागा तापते. अर्काच्या बाटल्या मागच्या बाजूला, आतल्या कप्प्यात ठेवाव्यात. दाराशी फक्त त्या दिवशीची उघडलेली बाटली असू द्यावी. वीज गेली तर फ्रिज उघडू नये; बंद फ्रिजमधला गारवा साधारण चार तास टिकतो. वीज त्याहून अधिक वेळ गेली आणि बाटल्या हाताला गार लागेनाशा झाल्या तर कॉफी टाकून द्यावी. शंभर ग्रॅम पावडरीच्या मोलासाठी धोका पत्करू नये.

बिनपाण्याचा अर्क मी सात दिवसांच्या पुढे ठेवत नाही. पाणी घालून पातळ केलेली कॉफी तीन दिवसांत संपवते, आणि दूध घातलेली कॉफी त्याच दिवशी. बाटलीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून गाळल्याची तारीख लिहावी. उघडल्यावर आंबूस वास, फेस किंवा तंतू दिसले तर चव घेऊन पाहू नये.

फ्रिजमध्ये सुकट, बोंबील, कापलेला कांदा किंवा फणस असेल तर उघड्या भांड्यातली कॉफी एका रात्रीत तो वास घेते. बर्फाच्या साच्यात अर्क गोठवणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे आणि गोठलेले खडे झाकणाच्या डब्यात काढून ठेवावेत. गोठवण्यासाठी काचेची बाटली वापरू नये. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते आणि काठोकाठ भरलेली बाटली हमखास तडकते.

धुणे

कॉफीच्या तेलाचा थर डोळ्यांना पुसट दिसतो, पण पुढच्या खेपेची चव तोच बिघडवतो. कपभर गरम पाण्यात एक चमचा खाण्याचा सोडा विरघळवून तो बाटलीत अर्धा तास ठेवावा, ब्रशने घासावे आणि तीन वेळा साध्या पाण्याने विसळावे. अरुंद तोंडाच्या बाटलीत ब्रश जात नसेल तर मूठभर कच्चे तांदूळ आणि कोमट पाणी घालून ती जोराने हलवावी. तांदळाचे दाणे कोपऱ्यांतला थर खरवडून काढतात आणि काचेला ओरखडा पडत नाही. लिंबाच्या वासाचे भांडी घासायचे साबण मी कॉफीच्या भांड्यांना लावत नाही.

पिण्याचे भांडे

थंड पेयाचा वास गरम पेयाइतका सहज वर येत नाही, म्हणून कोल्ड ब्रूचे पिण्याचे भांडे असे असावे की जो काही सुगंध आहे तो नाकापाशी गोळा होईल. मध्ये फुगीर आणि वर किंचित निमुळता होणारा काचेचा पेला यासाठी सर्वांत चांगला. पाहुण्यांना कॉफी द्यायची असेल तर पेला पाऊण भरावा आणि वरची मोकळी जागा सुगंधासाठी सोडावी. साठवताना हवा टाळायची आणि पिताना तिला जागा द्यायची, हा फरक नवख्या माणसाने मुद्दाम लक्षात ठेवावा. स्ट्रॉने प्यायल्यास नाक पेल्यापासून दूर राहते आणि निम्मी गंमत जाते.

पेल्याच्या जाडीचा परिणाम तर चक्क मोजता येतो. ५ अंशांवरची २०० मिलिलीटर कॉफी ३० अंशांवरच्या, २५० ग्रॅम वजनाच्या जाड काचेच्या ग्लासात ओतली, तर ढोबळ हिशेबाने दोन्ही मिळून सुमारे १० अंशांवर स्थिरावतात. म्हणजे पहिला घोट घेण्यापूर्वीच कॉफी पाच अंशांनी चढलेली असते. तीच कॉफी ८० ग्रॅमच्या पातळ स्टीलच्या पेल्यात ओतली तर ती ६ अंशांच्या आसपास राहते. यावरून स्टील अधिक चांगले असे वाटेल, पण पातळ स्टील हाताची ऊब झपाट्याने आत नेते आणि त्याला बाहेरून पाणीही लवकर सुटते. त्यामुळे फिल्टर कॉफीच्या लोट्यातून कोल्ड ब्रू द्यायची असेल तर लोटा दवऱ्यात, म्हणजे त्याच्या जोडीच्या खोलगट वाटीत, उभा ठेवून द्यावा. दवरा सुटलेले पाणी झेलतो आणि हातही लोट्याला कमी लागतो. काचेचा ग्लास वापरायचा असेल तर तो आधी पंधरा-वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावा, मग वरचा हिशेब आपोआप बदलतो आणि बर्फ कमी लागतो. बर्फ कमी म्हणजे पाणीही कमी, हे ओघाने आलेच. बर्फ घालायचाच असेल तर मोठे खडे घालावेत किंवा अर्काचेच खडे वापरावेत.

समारंभात बऱ्याच जणांना कॉफी द्यायची झाली की कागदी पेले आणले जातात. त्यांच्या आत प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि कागदाला स्वतःचा वास असतो. गरम चहात तो दबतो, थंड काळ्या कॉफीत दबत नाही. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ग्लासांवर तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदीच आहे. हळदी-कुंकवाला किंवा घरच्या कार्यक्रमाला शेजारून काचेचे ग्लास मागून आणणे हाच मला सर्वांत बरा मार्ग वाटतो. कुल्हडमधून द्यायची असेल तर तो आधी पाण्यात भिजवून निथळून घ्यावा, नाहीतर कोरडी माती पहिल्याच मिनिटाला कॉफी शोषते. मातीचा गंध आवडणाऱ्यांना तो दुधाच्या कॉफीत छान लागतो, काळ्या कॉफीत मात्र तो वरचढ होतो.

प्रवासातील थर्मास

पावसाळ्यात आंबोलीला किंवा कणकुंबीला जाताना थर्मासमधून कोल्ड ब्रू नेण्याचा बेत उत्तम आहे, पण थर्मास गार करत नाही, असलेला गारवा राखतो, एवढे ध्यानात ठेवावे. निघण्यापूर्वी त्यात बर्फाचे पाणी भरून दहा मिनिटे ठेवावे, ते ओतून द्यावे आणि लगेच फ्रिजमधली कॉफी काठापर्यंत भरावी. दूध वेगळ्या गार बाटलीत न्यावे आणि पिताना घालावे. चहासाठी वापरलेला थर्मास शक्यतो घेऊ नये. आले आणि वेलची त्याच्या झाकणात कायमची मुक्कामाला असतात. उरलेली कॉफी परत फ्रिजमध्ये ठेवू नये, त्याच दिवशी संपवावी किंवा ओतून द्यावी. रात्री घरी पोहोचल्यावर कितीही कंटाळा आला तरी थर्मास सोड्याच्या पाण्याने धुऊन, झाकणाचा वायसर काढून, दोन्ही वेगवेगळे तिरपे पालथे ठेवावेत आणि पूर्ण वाळेपर्यंत झाकण लावू नये; पावसाळ्यात त्याला दोन दिवसही लागतात.